जुनी, पडून राहिलेली फोर बाय फोर: क्लचपासून चाकापर्यंतचे नेहमीचे प्रश्न

नागपूर, काटोल, उमरेड, रामटेक या पट्ट्यातून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. गाड्या बहुतेक तीन प्रकारच्या असतात: जुनी महिंद्रा जीप (सीजे, एमएम ५४० आणि त्यांची भावंडं), मारुती जिप्सी आणि क्वचित एखादी फोर बाय फोर पिकअप. इंजिनाबद्दल इथे काही नाही. मापं मॉडेलनुसार बदलतात, म्हणून आकडा दिला असेल तिथे तो कोणत्या गाडीचा हेही दिलं आहे.

१. गाडी सहा-सात वर्षं गोठ्यामागे उभी होती. बॅटरी लावून आधी चालवून बघू का?

नको. उभ्या गाडीत तेल खाली बसतं आणि वरचे बेअरिंग, वरचे दात कोरडे पडतात. पावसाळ्यात दमट हवा आत जाते, पाणी होऊन ठिबकते आणि बेअरिंगच्या गोट्यांवर गंजाचे ठिपके पडतात. त्यातच हाउसिंगच्या (गिअर बसवलेल्या खोक्याच्या) तळाशी पाणी असेल तर पहिल्या दहा किलोमीटरमध्ये ते तेलात घुसळलं जातं. मग जे बेअरिंग नुसत्या धुण्याने वाचलं असतं ते बदलावं लागतं.

आधी गाडी सपाट जागी घ्या, चाकांना विटा लावा आणि सगळ्या ठिकाणची तेलाची पातळी बघा (प्रश्न २). मग चारही चाकं उचलून घोड्यांवर ठेवा, गिअर न्यूट्रल करा आणि प्रत्येक चाक हाताने फिरवा. अडकत अडकत फिरतं, करकरतं की मोकळं फिरतं, हे वहीत लिहून ठेवा. पुढचा निम्मा तपास या नोंदीवर होतो.

एक धोक्याची सूचना. फोर बाय फोर लागलेली असताना फक्त मागची चाकं उचलून इंजिन गिअरमध्ये चालवू नका. पुढची चाकं जमिनीवर असतात, गाडी घोड्यांवरून उडी मारून समोर जाते.

२. तेल नेमकं किती ठिकाणी राहते? किती विकत आणू?

चार ठिकाणी: गिअरबॉक्स, ट्रान्स्फर केस (पुढच्या-मागच्या एक्सलला ताकद वाटणारं खोकं), पुढचं डिफरन्शियल, मागचं डिफरन्शियल (एक्सलच्या मधला, दोन चाकांना ताकद वाटणारा गिअरांचा गोळा). शिवाय पुढच्या चाकांच्या दोन नकलमध्ये (चाकामागच्या गोळ्यांमध्ये) ग्रीस असतं, ते वेगळं (प्रश्न १०).

जिप्सी १३०० चा हिशोब: पाच गिअरच्या गिअरबॉक्सला १.३ लिटर, ट्रान्स्फरला ०.८, पुढच्या डिफरन्शियलला २.०, मागच्याला १.५. एकूण ५.६ लिटर. जुन्या जीपमध्ये चारही ठिकाणी प्रत्येकी साधारण एक ते दीड लिटर बसतं. तिथे आकड्यापेक्षा फिलरच्या भोकाची खालची कड हेच माप धरा. गाडी सपाट उभी असताना तेल त्या कडेवरून हलकेच ओघळायला लागलं की भरलं.

पडून राहिलेल्या गाडीला एकदा धुऊन काढावं लागतंच, म्हणून दुप्पट तेल धरा. धुण्यासाठी महागडं तेल लागत नाही.

जीप आणि जिप्सी यांच्या मांडणीतला एक फरक पुढे वारंवार येईल. जीपमध्ये ट्रान्स्फर केस गिअरबॉक्सच्या पाठीला बोल्टने जोडलेली असते. जिप्सीत ती वेगळी, चेसिसला रबरी माउंटिंगवर टांगलेली असते आणि गिअरबॉक्सपासून तिच्यापर्यंत एक आखूड शाफ्ट येतो. म्हणजे जिप्सीला शाफ्ट तीन. ती तीन माउंटिंग मऊ पडली तर ट्रान्स्फर वळते आणि थरथर येते. लोक क्रॉस (शाफ्टच्या टोकाचे वळते जोड) बदलत बसतात, थरथर जात नाही.

३. ड्रेन प्लग आधी खोलायचा की वरचा?

वरचा, म्हणजे फिलर. नेहमी. खालून सगळं तेल सोडून दिलं आणि मग फिलर गंजून बसलेला निघाला, तर गाडी तिथेच अडकली.

बसलेल्या प्लगवर आदल्या रात्री गंज सोडवणारा स्प्रे मारा. सकाळी प्लगच्या तोंडावर हातोडीचे तीन-चार सरळ ठोके द्या, त्याने आट्यांमधला गंज सुटतो. चौकोनी भोकाच्या प्लगला नेमक्या मापाचा चौकोनी पाना लावा. पेचकस अडकवून फिरवाल तर भोक गोल होईल. गोल झालंच तर प्लगवर नट वेल्ड करून घ्या. वेल्डिंगची धग आटे सैल करते आणि नटला पाना लागतो. वेल्डिंगआधी बॅटरीच्या वायरी काढा आणि सांडलेलं तेल पुसून घ्या.

४. सगळीकडे एकच नव्वद नंबर तेल चालते ना जी? दुकानदार तर तेच देतो.

नव्वद नंबर म्हणजे फक्त जाडी. नागपूरच्या उन्हाळ्यासाठी एसएई ९० किंवा ८०डब्ल्यू-९० ठीक आहे. मात्र डब्यावर दुसरा शिक्का असतो, तो कमी लोक वाचतात: जीएल-४ की जीएल-५.

डिफरन्शियलमध्ये क्राउन (मोठा गिअर) आणि पिनियन (त्याला फिरवणारा छोटा गिअर) यांचे दात एकमेकांवर घासत सरकतात. तिथे दाब प्रचंड असतो, म्हणून गंधक-फॉस्फरसची जास्त मात्रा असलेलं जीएल-५ लागतं. गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो रिंग (गिअर टाकताना वेग जुळवणाऱ्या) असतात, जीपच्या ट्रान्स्फरमध्ये ब्राँझचे थ्रस्ट वायसर असतात. जीएल-५ मधली तीच द्रव्यं गरम तेलात पितळ हळूहळू खातात. शिवाय ते तेल जास्त निसरडं असल्यामुळे सिंक्रो रिंगची पकड सुटते, आणि दुसरा-तिसरा गिअर टाकताना खरखर येते. म्हणून गिअरबॉक्स आणि ट्रान्स्फरला जीएल-४, दोन्ही डिफरन्शियलना जीएल-५. दोन डबे वेगळे आणा आणि मार्करने लिहून ठेवा.

एसएई १४० चा सल्ला गॅरेजमध्ये हमखास मिळतो. जाड तेलाने झिजलेल्या डिफरन्शियलचा आवाज काही महिने दबतो, हे खरं आहे. पण त्या काळात दात झिजतच राहतात. गाडी विकायची असेल तर ती ज्याची त्याची सदसद्विवेकबुद्धी. ठेवायची असेल तर प्रश्न १३ वाचा.

५. जुनं तेल काढलं. फेकण्याआधी त्यात काय बघायचं?

सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात खरा तपास हाच आहे. चारही ठिकाणचं तेल वेगवेगळ्या पांढऱ्या डब्यांत घ्या आणि उन्हात धरून बघा.

ताक किंवा दुधाच्या चहासारखा रंग म्हणजे पाणी शिरलं (प्रश्न ६). आधी नुसतं पाणी निघालं आणि मग तेल, तर पाणी घुसळलेलं नाही, गाडी उभी असतानाच आत गेलं, नशीब चांगलं. काळं, दाट आणि करपट वासाचं तेल म्हणजे पातळी कमी ठेवून गाडी पळवली.

ड्रेन प्लगला लोहचुंबक असेल तर त्यावर मऊ, करडी मेणासारखी लुकण असतेच. इतक्या वर्षांची ती साहजिक झीज आहे. ती दोन बोटांत चोळा. काही टोचलं नाही तर पुढे जा. टोचणाऱ्या सुया किंवा पापुद्रे निघाले तर बेअरिंगचा पृष्ठभाग सोलतोय. त्रिकोणी, जाड तुकडा निघाला तर तो गिअरचा दात असतो. ते हाउसिंग उघडल्याशिवाय गाडी हलवू नका.

गिअरबॉक्सच्या तेलात सोनेरी चमक दिसली तर ती सिंक्रोची. थोडी असेल तर चालतं. उन्हात तेल जरीच्या पदरासारखं चमकत असेल तर गिअरबॉक्स खोलायची तयारी ठेवा.

हे तेल नालीत सोडू नका. वापरलेलं तेल घातक कचऱ्यात मोडतं. डबे भरून ठेवा, अधिकृतपणे घेणाऱ्यालाच द्या.

६. २३ सप्टेंबर २०२३ च्या पुरात गाडी बुडाली होती. तेव्हापासून तशीच उभी आहे. काही वाचेल का?

नागपुरातल्या अंबाझरी तलावाच्या खालच्या वस्त्यांमधल्या गाड्यांबद्दल हा प्रश्न अजून येतो. पाणी एक्सलच्या वर गेलं असेल तर चारही हाउसिंगमध्ये पाणी आहे असंच धरा. ब्रिदर (आतली हवा बाहेर सोडणारी वाट) हे उघडं भोक असतं, पाण्याला तेवढं पुरतं.

सगळं तेल गाळून टाका आणि रात्रभर प्लग उघडे ठेवून ठिबकू द्या. मग प्रत्येक हाउसिंग डिझेलने अर्धं भरा, चाकं आणि शाफ्ट हाताने वीस-पंचवीस फेरे फिरवा, काढा. इंजिनाने फिरवू नका, कारण डिझेलला वंगण नाही. डिझेल स्वच्छ निघेपर्यंत हे दोन-तीनदा करा. मग स्वस्तातलं गिअर तेल भरून वीस-तीस किलोमीटर हळू चालवा आणि गरम असतानाच काढा. ते पुन्हा दुधाळ निघालं तर आणखी एकदा. त्यानंतर खरं तेल.

जीपच्या मागच्या डिफरन्शियलला कव्हर असतं. ते दहा बोल्ट काढून आत नजर टाकणं सोपं आहे, तेव्हा टाका. गाळ कव्हरच्या तळाशी बसतो आणि ड्रेनमधून पूर्ण निघत नाही. जिप्सीला मागून कव्हर नाही. दोन्ही बाजूंचे एक्सल शाफ्ट ओढून डिफरन्शियलचा गोळा पुढून काढावा लागतो.

तेलात बुडालेले भाग बहुतेक वाचतात. ग्रीसवर चालणारे वाचत नाहीत: चाकांचे बेअरिंग, किंगपिनचे (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खुंट्यांचे) बेअरिंग, शाफ्टचे क्रॉस, क्लचचं रिलीज बेअरिंग. इतकी वर्षं झाली असतील तर हे न तपासता बदला. क्लच प्लेट चिकटलेली असण्याची शक्यताही मोठी (प्रश्न ११).

७. पिनियनचं ऑइल सील दोनदा नवीन टाकलं, तरी गळतेच. काहून?

सीलकडे बघायच्या आधी ब्रिदर बघा. एक्सलच्या नळीवर छोटी टोपी असते. पांदण रस्त्याची काळी माती त्यात शिरते आणि वाळून सिमेंट होते. गाडी चालली की आतली हवा तापते, बाहेर जायला वाट नसते आणि ती सीलच्या ओठातून तेल घेऊन निघते. उलटंही होतं: तापलेला एक्सल नाल्याच्या गार पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढून घेते. ब्रिदर काढा, तारेने मोकळा करा. त्याला रबरी नळी जोडून तिचं तोंड बॉनेटच्या उंचीपर्यंत नेलं तर दोन्ही त्रास जातात. तेल जास्त भरलं असेल तरीही असंच गळतं.

ब्रिदर मोकळा असूनही गळत असेल तर फ्लँज (पिनियनला शाफ्ट जोडणारी चकती) काढा आणि सीलचा ओठ जिथे घासतो तिथे नख फिरवा. नख अडकलं तर चर पडली आहे. नवीन सील त्या चरीत बसणारच नाही. फ्लँज बदला, किंवा त्यावर पातळ स्टीलची स्लीव्ह चढवून घ्या. तेही नसेल तर सील दोन मिलिमीटर कमी आत बसवा, म्हणजे ओठ कोऱ्या जागेवर येतो. सीलची स्प्रिंग तेलाच्या बाजूला हवी, ओठाला ग्रीस हवं, आणि सील ठोकताना त्याच्या मापाचा पाइपाचा तुकडा हवा. पेचकसाने कडेकडेने ठोकलेलं सील वाकडं बसतं.

आता खरी मेख. जिप्सीच्या पिनियनवर दबणारी स्लीव्ह असते. नट आवळला की ती चेपते आणि बेअरिंगचा ताण ठरतो. नट खोलण्याआधी नट, पिनियन आणि फ्लँज यांवर एका रेषेत खूण करा, बाहेर दिसणारे आटे मोजा. लावताना त्याच खुणेवर आणा, फार तर केसभर पुढे. ‘घट्ट लाव’ म्हणत लांब पाइप लावून आवळला तर स्लीव्ह जास्त चेपते, बेअरिंग तापतं आणि नट सैल करून काही परत येत नाही. नवीन स्लीव्हच लागते. जीपच्या डाना पद्धतीच्या एक्सलमध्ये तो ताण शिमने (पातळ चकत्यांनी) ठरतो, तिथे नट पूर्ण आवळायचा असतो.

८. गिअरबॉक्सचं तेल कमी होते, पण खाली थेंब नाही. जाते कुठे?

जीप असेल तर ट्रान्स्फरमध्ये बघा. दोन्ही खोकी पाठीला पाठ लावून आहेत, आणि मधलं सील किंवा बेअरिंग झिजलं की तेल एकीकडून दुसरीकडे जातं. दोन्हीकडची पातळी एकाच वेळी बघा. एकीकडे कमी आणि दुसरीकडे फिलर उघडताच भळाभळा, तर निदान झालं. सील बदलायला ट्रान्स्फर उतरवावी लागते, तोवर दर पंधरा दिवसांनी पातळी सारखी करा. गिअरबॉक्स कोरडा पडला तर सील सोडा, गिअरच जातात.

तेल क्लचच्या घंटेखालून ठिबकत असेल तर बोटावर घेऊन हुंगा. गंधकाचा उग्र वास म्हणजे गिअरबॉक्सचं, काळं आणि पातळ म्हणजे इंजिनाचं. ज्या गाड्यांत हँडब्रेकचा ड्रम ट्रान्स्फरच्या मागे बसतो, तिथे मागचं सील गळलं की पट्टे तेलाने माखतात आणि हँडब्रेक धरत नाही. हँडब्रेक नाही लागत ही तक्रार घेऊन येणाऱ्याला मग सील बदलायला सांगावं लागतं.

९. गाडी सोडताना ‘टक’ वाजते, पन्नासच्या पुढे थरथरते. क्रॉस गेला का?

‘टक’ बहुतेक क्रॉसचाच. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा, चाकं अडवा, शाफ्ट हाताने उलटसुलट पिळा. क्रॉसच्या कपात किंचितही खेळ दिसला, किंवा कपाच्या कडेला लाल भुकटी दिसली, तर तो गेला. लाल भुकटी म्हणजे गंजलेल्या सुयांचं पीठ. चांगल्या क्रॉसला ग्रीस भरताना चारही टोकांतून नवीन ग्रीस बाहेर यायला हवं. एका टोकातून आलं नाही तर क्रॉस सैल करून, हलवून पुन्हा भरा. ते टोक कोरडंच राहिलं तर क्रॉस बदला.

थरथर मात्र निम्म्या वेळा माणसाने लावलेली असते. शाफ्टच्या मधल्या सरकत्या जोडावर दोन बाण असतात, ते समोरासमोर हवेत. म्हणजे दोन्ही टोकांचे यॉक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका सरळीत येतात. कोणी शाफ्ट सोडवून एक-दोन दाते फिरवून बसवला की दोन क्रॉसचे हेलकावे एकमेकांना मारण्याऐवजी जोडले जातात. बाण पुसले असतील तर यॉक डोळ्याने एका रेषेत आणा. यापुढे शाफ्ट काढण्याआधी पांढऱ्या रंगाने खूण करायची सवय लावा, ती फुकट आहे.

१०. पुढच्या चाकामागच्या गोळ्यातून काळं पातळ काहीतरी गळते. ते काय?

तो गोळा म्हणजे नकल. आत चाकाला फिरवणारा जोड असतो आणि तो ग्रीसमध्ये चालतो. पातळ काळं गळतंय म्हणजे एक्सलच्या आतलं सील फुटून डिफरन्शियलचं तेल गोळ्यात आलं आणि ग्रीस विरघळलं. बाहेरचं नमद्याचं सील बदलून हे थांबत नाही, आतलंच बदलावं लागतं. त्यासाठी हब, स्पिंडल आणि शाफ्ट काढावे लागतात. एका बाजूला अर्धा दिवस धरा.

उघडलंच आहे तर सगळं करून टाका. जोड डिझेलने धुवा, गोट्यांच्या चरीत खड्डे बघा. वळणावर ‘कट-कट’ वाजत असेल तर खड्डे सापडतील. भरताना मोलिब्डेनम असलेलं ग्रीस, जोडात दाबून आणि गोळ्यात साधारण दोन-तृतीयांश. गोळ्याच्या बाहेरच्या चकचकीत पृष्ठभागावर गंजाचे खड्डे पडले असतील तर बारीक पॉलिश पेपरने घासा, नाहीतर नवीन नमदा चार महिन्यांत फाटेल. काळ्या मातीत चालणाऱ्या गाडीत नमदा दर पावसाळ्यानंतर पुसून ग्रीस लावायचा, कारण ती माती वाळली की पॉलिश पेपरचंच काम करते.

किंगपिनचे बेअरिंग सैल असतील तर स्टेअरिंग चाळीस-पन्नासवर अचानक थरथर कापतं. जिप्सीत टाय रॉड सोडवून, नकलचं सील न लावता, टाय रॉडच्या भोकात तराजूचा काटा अडकवून ओढा. नकल १ ते १.८ किलोच्या ओढीवर हलायला हवा. कमी ओढीवर हलला तर शिम कमी करा.

चाकाचे बेअरिंग लावताना जीपमधली जुनी रीत अजूनही बरोबर आहे: चाक फिरवत आतला नट चाक जड होईपर्यंत आवळा, मग एक-षष्ठांश फेरा मागे घ्या, लॉक वायसर वाकवा आणि बाहेरचा नट लावा. पाच किलोमीटरनंतर हबला हात लावा. कोमट ठीक, हात ठेवता येत नसेल तर जास्त आवळलं.

११. क्लच दाबला तरी गिअर पडत नाही. इंजिन बंद असताना सगळे पडतात.

क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली आहे. आधी पेडलचा मोकळा खेळ बघा (जिप्सीत २० ते ३० मिलिमीटर), केबल किंवा लिंकेज पूर्ण ओढतंय का बघा. ते ठीक असेल तर इंजिन चांगलं तापवा, बंद करा, पेडल लाकडाने दाबून रात्रभर ठेवा. गरम-थंड होताना प्लेट बऱ्याचदा सुटते.

नाहीच सुटली तर समोर मोकळं मैदान, माणूस नाही, कुंपण नाही, ब्रेक चालू आहेत, अशी खात्री करा. गिअर टाकून, क्लच दाबूनच स्टार्टर मारा, गाडी चालायला लागली की क्लच दाबलेलाच ठेवून अॅक्सिलरेटर दाबा-सोडा. झटक्याने प्लेट सुटते. तरीही नाही सुटली तर गिअरबॉक्स उतरवा. तेव्हा प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग आणि फ्लायव्हीलमधलं छोटं पायलट बेअरिंग असे चारही बदला. पायलट सगळे विसरतात आणि महिन्याने गिअरबॉक्स परत उतरतो.

१२. फोर बाय फोर लागते, पण निघत नाही. लिव्हर तोडायचा बाकी आहे.

लिव्हरशी भांडू नका. या गाड्यांत पुढचा आणि मागचा शाफ्ट एकत्र बांधले जातात, मध्ये वेग जुळवणारं काही नाही. वळणावर पुढची चाकं जास्त अंतर कापतात. गाऱ्यात चाक घसरून तो फरक सुटतो. नागपूरच्या सिमेंटच्या रस्त्यावर सुटत नाही, शाफ्टमध्ये पीळ साचतो आणि गिअर जाम होतो. पाच-दहा मीटर सरळ मागे घ्या, आणि त्याच वेळी लिव्हर हलका ओढा. सुटेल. किंवा एक चाक जॅकवर उचला, ते झटक्याने फिरून पीळ सोडेल. पाय लांब ठेवा.

सरळ रस्त्यावर, वळण न घेताही जाम होत असेल तर प्रश्न १४ वाचा. लागतच नसेल तर जीपमध्ये दोन लिव्हरच्या मधली लॉकची गोळी बघा. पुढचा एक्सल जोडल्याशिवाय लो गिअर लागू नये म्हणून ती असते, आणि गंजली की दोन्ही लिव्हर अडवते.

१३. मागून हुंकार येतो. क्राउन-पिनियन बदलायला सांगितलं आहे.

आधी आवाज ऐका. रेस देताना येतो आणि सोडल्यावर जातो, किंवा उलट, तर दातांचा. रेस दिली-सोडली तरी सारखाच, फक्त वेगाबरोबर वाढतो, तर बेअरिंगचा. डावीकडे वळताना वाढतो आणि उजवीकडे कमी होतो, तर बहुधा उजव्या चाकाच्या बेअरिंगचा. मोठ्या खाचांचे टायरही हुंकार देतात. हवा वाढवून बघा, आवाज बदलला तर डिफरन्शियल निर्दोष आहे.

दातांचाच असेल तरी लगेच बदलू नका. कव्हर काढा आणि डायल गेजने क्राउनचा खेळ मोजा. साधारण ०.१० ते ०.२० मिलिमीटर असावा, आणि क्राउनवर चार ठिकाणी मोजला तरी फारसा बदलू नये. बेअरिंग झिजल्यामुळे खेळ वाढला असेल आणि दात गुळगुळीत असतील तर बेअरिंग आणि शिमवर काम भागतं. जुने दात एकमेकांना घासून जुळलेले असतात. नवीन जोडी वाईट बसवली तर जुन्यापेक्षा जास्त ओरडते. बदलायचीच झाली तर क्राउन आणि पिनियन जोडीनेच घ्या, दोन्हीवरचा जोडीचा क्रमांक जुळवा. एकाचं पिनियन आणि दुसऱ्याचं क्राउन कधीच नाही.

जीपच्या ट्रान्स्फरमधूनही हुंकार येतो. बहुतेक वेळा मधल्या गिअरची पिन आणि तिच्या सुया झिजलेल्या असतात. पिनेच्या मागच्या टोकातून तेल पाझरत असेल तर खात्रीच. ती पिन आणि सुया संचात मिळतात. हे काम डिफरन्शियलच्या आधी करून बघा.

१४. लिलावातून घेतलेली गाडी आहे. पुढचा एक्सल बदललेला वाटतो. कसं ओळखायचं?

रेशो मोजा, म्हणजे चाकांच्या एका फेऱ्यामागे शाफ्ट किती फेरे फिरतो ते. एका एक्सलची दोन्ही चाकं उचला, ट्रान्स्फर न्यूट्रल करा. शाफ्टवर आणि चाकावर खडूची खूण करा. एक चाक धरून ठेवा आणि दुसरं बरोबर दोन फेरे फिरवा. तेवढ्यात शाफ्ट जितके फेरे फिरेल तो रेशो. चूक कमी व्हावी म्हणून वीस फेरे फिरवा आणि दहाने भागा. दुसऱ्या एक्सलचंही तसंच. समजा पुढे ४.११ आणि मागे ३.७३ निघाला, तर फरक दहा टक्क्यांचा. अशी गाडी फोर बाय फोरमध्ये दहा मीटरही नीट जाणार नाही, आणि जोर लावला तर ट्रान्स्फर किंवा क्रॉस मोडेल.

रेशो सारखे असून जाम होत असेल तर टायर मोजा. चारही एका मापाचे, एकाच झिजेचे हवेत. पुढे नवे आणि मागे गोटा झालेले, हेही एक कारण आहे.

१५. मागच्या ब्रेकमध्ये तेल येते, आणि ड्रम निघत नाही.

जुन्या जीपच्या काही मागच्या एक्सलवर हब निमुळत्या शाफ्टवर चावीने बसतो. तो हातोडीने निघत नाही. टोकावर ठोकलं तर बेअरिंग आणि मधला थ्रस्ट ब्लॉक जातो. जाड हब-पुलर लागतो. भाड्याने किंवा मिस्त्रीकडून आणा, ताण देऊन ठेवा, स्प्रे मारा, थांबा. लावताना नट किमान २०० न्यूटन-मीटर आवळा आणि शंभर किलोमीटरने पुन्हा तपासा. सैल राहिला तर हब हलतो, चावी कापली जाते आणि चाकाला ताकद मिळत नाही. तेल येण्याचं मूळ कारण प्रश्न ७ मधलंच असतं.

१६. काटोलहून गाडी टोचन करून नागपूरला आणायची आहे. चालेल का?

साठेक किलोमीटरसाठी दोन्ही शाफ्ट सोडवून आणा. गिअर न्यूट्रल ठेवला तरी चाकं शाफ्टला आणि शाफ्ट ट्रान्स्फरला फिरवत राहतात. गिअरबॉक्समधलं तेल उडवणारं मात्र इंजिन, आणि ते बंद असतं. शाफ्ट सोडवला की ज्या गाड्यांत हँडब्रेक ट्रान्स्फरवर आहे तिथे हँडब्रेकही जातो, हे लक्षात ठेवून चाकांना ओंडका लावा. कॅरिअर मिळालं तर तेच बरं.

१७. सुटे भाग कुठे आणि कोणते आधी?

नागपुरातल्या घाट रोडच्या दुकानांत जीपचे क्रॉस, सील, बेअरिंग सहज मिळतात. जुना नमुना सोबत न्या. बेअरिंगवर कोरलेला क्रमांक आणि सीलवरची तीन मापं (आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी) लिहून न्या, कारण ‘जीपचं’ म्हटलं की चार प्रकार समोर येतात. बेअरिंग नामांकित कंपनीचंच घ्या. सील आणि पॅकिंगवर वाचवलेले पैसे दुसऱ्यांदा मजुरी म्हणून जातात. खरेदीचा क्रम: तेल, ब्रिदर, सगळी सील, चाकांचे बेअरिंग, क्रॉस. लिफ्ट किट आणि रुंद टायर यांचा विचार हे झाल्यावर. मोठे टायर लावले तर इथे लिहिलेला प्रत्येक भाग लवकर झिजेल.

१८. फ्री-व्हीलिंग हब (पुढची चाकं शाफ्टपासून सोडवणारे) बसवले आहेत. ते उघडे ठेवून वर्षभर चालवली तर?

पुढचा शाफ्ट आणि डिफरन्शियल थांबलेले राहतात, इंधन थोडं वाचतं. पण आतलं तेल फिरत नाही आणि वरचे बेअरिंग पुन्हा कोरडे पडतात (प्रश्न १). महिन्यातून एकदा हब लॉक करून आठ-दहा किलोमीटर टू-व्हीलमध्येच चालवा. पुढचे भाग फिरतात, तेल वर चढतं, आणि सुक्या रस्त्यावर पीळही साचत नाही.

१९. सगळं बदललं. आता पुढचं तेल केव्हा?

पहिलं ५०० किलोमीटरला, सगळीकडचं. जुन्या हाउसिंगच्या कोपऱ्यातला गाळ नवीन तेलात सुटतो आणि तो काढावाच लागतो. तेव्हाही लोहचुंबकावरची लुकण चोळून बघा आणि पहिल्या वेळच्या नोंदीशी ताडा. त्यानंतर शहरात चालणाऱ्या गाडीला २०,००० किलोमीटर किंवा दोन वर्षं. नाले ओलांडणाऱ्या गाडीला किलोमीटर बघू नका. दिवाळीच्या आधी, पावसाळा संपल्यावर, प्रत्येक ड्रेन प्लग दोन आटे सैल करा. आधी पाणी निघालं तर तेल बदला, तेलच निघालं तर प्लग आवळा आणि पातळी भरा.